नवसाच्या मंदिराचा स्थपति : झाक-जेर्मेन सूफ्लो

आपल्या पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत एखाद्या मंदिर बांधणाऱ्या पुरुषाचें चरित्र असावें, अशी कार्यकारी मंडळींची इच्छा पडली. ती मला फार आवडली. देऊळ बांधतांना ज्यांनीं पैसा दिला त्यांचीं नांवें संगमरवरावर कोरलीं जातात. ज्यांनीं कोनशिला बसविली त्यांचींही कोरलीं जातात. परंतु ज्याच्या मनांत तें देऊळ प्रथम उभें राहिलें, त्याची आठवण बहुधा कोणासच राहत नाहीं. म्हणून फ्रान्स देशांत पॅरिस शहरीं संत जनव्हिएव्हच्या नांवानें जें भव्य मंदिर बांधलें गेलें, व जें आज पांथेओं या नांवानें जगभर ओळखलें जातें, त्याचा स्थपति झाक-जेर्मेन सूफ्लो याची हकीगत येथें सांगण्याचें योजिलें आहे. वाचकांस आधींच सांगून ठेवतों कीं, ही हकीगत सुखाची नाहीं. ज्या मंदिरासाठीं या पुरुषानें आपल्या आयुष्याचीं पंचवीस वर्षें वेंचलीं, तें पुरें झालेलें त्याला दिसलें नाहीं. आणि पुरें झाल्यावर वर्ष उलटतें न उलटतें तोंच तें देवाच्या सेवेंतून काढून घेण्यांत आलें.

सूफ्लोचा जन्म २२ जुलै १७१३ रोजीं बर्गंडी प्रांतांत, ओसेर शहराजवळील इरांसी या खेड्यांत झाला. गांव द्राक्षमळ्यांचें. बाप कायद्याच्या पेशांतला, आणि मुलानेंही कायद्याचींच पुस्तकें उघडावीं असा त्याचा आग्रह. मुलाचें मन मात्र कमानी, खांब व दगड यांत गुंतलेलें. एक योगायोग येथें सांगण्यासारखा आहे. ओसेर ही संत जेर्मेन या प्राचीन बिशपची नगरी. आणि याच बिशपनें पांचव्या शतकांत प्रवासांत असतां नांतेर गांवीं एका लहान मुलीच्या मस्तकावर हात ठेवून तिला देवाच्या सेवेस अर्पण केलें होतें. ती मुलगी म्हणजेच पुढें पॅरिसची रक्षणकर्ती म्हणून गाजलेली संत जनव्हिएव्ह. तेराशें वर्षांनंतर त्याच ओसेरच्या परिसरांतला, जेर्मेन हेंच नांव धारण करणारा एक मुलगा तिचें मंदिर बांधणार होता.

बापाची मर्जी मोडून सूफ्लोनें अठराव्या वर्षीं, म्हणजे १७३१ सालीं, इटालीची वाट धरली. तीन वर्षांनीं फ्रेंच राजानें रोम शहरीं चालविलेल्या कलाशाळेंत त्याला प्रवेश मिळाला व १७३८ पर्यंत तो तेथें राहिला. त्या काळीं युरोपांत देवळें बांधण्याची जी रीत चालू होती तींत नक्षी, वेलबुट्टी व सोन्याचा मुलामा यांची रेलचेल असे. रोममधील जुन्या अवशेषांत या तरुणाला दुसरेंच कांहीं दिसलें : सरळ उभे खांब, त्यांवर आडवी तुळई, तिच्यावर त्रिकोणी शिखरपट्टी, आणि नक्षी केवळ जेथें शोभेल तेथेंच. ग्रीक व रोमन लोकांच्या या साध्या व गंभीर बांधणीकडे परत वळण्याची जी प्रवृत्ति पुढें नवअभिजात या नांवानें ओळखली गेली, तिच्या अध्वर्यूंत सूफ्लोची गणना होते.

रोमहून परतल्यावर त्यानें लियों शहरीं वास्तव्य केलें. तेथें रोन नदीच्या कांठीं गोरगरिबांचें एक जुनें इस्पितळ होतें, त्याच्या नव्या इमारतीचें काम त्याच्याकडे आलें. नदीकांठानें सुमारें हजार फूट लांब पसरलेला तिचा दर्शनी भाग व मध्यावरचा घुमट यांमुळें त्याचें नांव दूरवर झालें. रुग्णांस नदीवरचा वारा मिळावा व खोल्यांतली दूषित हवा वर निघून जावी, याचाही विचार त्या बांधणींत होता. मंदिर बांधणाराचा हात आधीं इस्पितळावर बसला, ही गोष्ट मला तरी शुभ वाटते.

१७४१ सालीं लियोंच्या विद्वत्सभेपुढें त्यानें एक निबंध वाचला. त्याचा विषय ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटलें असेल. कारण ग्रीक-रोमन पद्धतीचा हा उपासक त्या दिवशीं गॉथिक देवळांची बाजू मांडीत होता. गॉथिक बांधणी आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या मंदिरांतील टोकदार कमानी आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. अठराव्या शतकांतील सुशिक्षितांस मात्र ही पद्धति रानटी वाटे. सूफ्लोचें म्हणणें असें कीं, दिखाऊ अलंकार बाजूला ठेवा आणि त्या जुन्या गवंड्यांनीं भार कसा वाहिला तें पाहा. बारीक खांबांवर केवढें उंच छत त्यांनीं तोललें, आणि भिंतींचा दाब बाहेरच्या दगडी टेकूंवर कसा सोडून दिला! ग्रीक लोकांचें सौंदर्य व गॉथिक गवंड्यांचें लाघव एकाच देवळांत आणतां येईल काय, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या मनांत घोळत राहिला असला पाहिजे. कारण त्याचें पुढचें सारें आयुष्य त्याच प्रश्नाचें उत्तर देण्यांत गेलें.

आतां थोडें मागें जाऊन नवसाची गोष्ट सांगितली पाहिजे. १७४४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत फ्रान्सचा राजा पंधरावा लुई लढाईवर असतां मेत्स शहरीं अत्यवस्थ झाला. राजाचें खासगी आचरण धर्मास धरून नव्हतें. सोबत आणलेल्या बाईस दूर केल्यावांचून शेवटचे सांक्रामेंत मिळणार नाहींत, असें तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्याला स्पष्ट बजावलें व त्यानें तें ऐकलें. आपण बरे झालों तर पॅरिसच्या संत जनव्हिएव्हचें मोडकळीस आलेलें मठमंदिर नव्यानें बांधूं, असा नवसही त्यानें केला. राजा बरा झाला. जुनें आचरण लवकरच परतलें. नवस फेडावयास मात्र दहा वर्षें लोटलीं. नवस आजारपणांत बोलणें व बरें झाल्यावर विसरणें हें केवळ राजेलोकच करतात असें नव्हे, हें माझ्या वाचकांस मीं सांगावयास नको.

अखेर १७५५ सालीं हें काम सूफ्लोकडे आलें, तें राजाच्या इमारतींचा मुख्य अधिकारी मारिन्यी याच्यामुळें. हा मारिन्यी राजाची मैत्रीण मादाम द पोम्पादूर हिचा भाऊ. बहिणीनें त्याला ही जागा मिळण्यापूर्वीं शिक्षणासाठीं इटालीला पाठविलें होतें, व १७४९ च्या अखेरीस निघालेल्या त्या प्रवासांत मार्गदर्शक म्हणून सूफ्लो बरोबर होता. त्याच प्रवासाच्या ओघांत १७५० सालीं सूफ्लो नेपल्सच्या दक्षिणेस पेस्तुम येथें गेला आणि समुद्राजवळच्या ओसाड मैदानांत उभीं असलेलीं तीन ग्रीक मंदिरें त्यानें दोरी लावून मोजलीं. छप्पर नाहीं, भिंती नाहींत, केवळ जाडजूड खांबांच्या रांगा. तेव्हां तें स्थळ क्वचितच कोणास ठाऊक होतें. असो. पापी राजाचा नवस, त्याच्या मैत्रिणीचा भाऊ मध्यस्थ, आणि पैसा उभारला तो सोडतीच्या तिकिटांवर किंमत वाढवून! इतक्या अशुद्ध वाटांनीं एक पवित्र वास्तु जन्मास येत होती. देवाच्या कामास कोणाकोणाचे हात लागतात, याचा हिशेब आपण न मांडलेलाच बरा.

ज्या टेकडीवर हें मंदिर व्हावयाचें होतें ती पॅरिसच्या दक्षिण भागांत आहे. तेथेंच सहाव्या शतकाच्या आरंभीं क्लोव्हिस राजानें बांधलेल्या देवळांत जनव्हिएव्हला पुरलें होतें. दुष्काळ, पूर वा रोग आला म्हणजे तिच्या अस्थींची पेटी खांद्यावर घेऊन पॅरिसचे लोक रस्त्यांतून मिरवणूक काढीत. सूफ्लोनें जागा खणावयास घेतली तेव्हां जमिनीखालीं रोमन काळच्या कुंभारांनीं माती काढण्यासाठीं खणलेल्या जुन्या विहिरींसारखे खोल खड्डे सांपडले. एक नव्हे, अनेक. ते भरून काढण्यांत कित्येक वर्षें गेलीं. तळघर पुरें झालें तें १७६३ सालीं. त्यांतील ठेंगण्या, भरदार खांबांकडे पाहिलें म्हणजे पेस्तुमची आठवण होते.

पुढच्या वर्षीं, ६ सप्टेंबर १७६४ रोजीं, राजा पंधरावा लुई कोनशिला बसविण्यास आला. जमिनीवर अद्याप कांहींच नव्हतें. तेव्हां सूफ्लोनें लाकडी सांगाड्यावर कापड ताणून मंदिराचा सबंध दर्शनी भाग खऱ्याइतक्याच आकाराचा रंगवून घेतला. त्या रंगीत कापडासमोर तो सोहळा झाला. त्या दिवशीं लोकांनीं जें पाहिलें तें दगडांत पुरें झालेलें पाहण्यास राजाही जिवंत राहिला नाहीं व स्थपतिही.

मंदिराची रचना आतां सांगतों. पायाची आकृति चारी भुजा जवळजवळ सारख्या असलेल्या क्रूसाची. सूफ्लोच्या मनांत त्या अगदीं सारख्या होत्या. परंतु मठांतल्या पाद्र्यांस प्रार्थना म्हणण्यासाठीं अधिक जागा हवी होती, त्यामुळें पूर्व व पश्चिम भुजा वाढविल्या गेल्या व मागच्या बाजूस दोन घंटाघरांची भर पडली. स्थपतीला हें रुचलें नसावें. पण देऊळ हें पाहण्यासाठीं नसून प्रार्थनेसाठीं असतें, आणि येथें मी पाद्री मंडळींच्या बाजूचा आहें. मंदिराची लांबी सुमारें ३६० फूट, रुंदी सुमारें २७५ फूट व घुमटासह उंची सुमारें २७० फूट. पुढें रोममधील जुन्या पांथेओनच्या धर्तीवर प्रचंड मंडप. त्याला २२ खांब, पैकीं सहा समोर ओळीनें, प्रत्येक सुमारें ६० फूट उंच, माथ्यावर पानांची नक्षी. मंडपावरील त्रिकोणांत प्रकाशकिरणांनीं वेढलेला क्रूस व त्याला वंदन करणारे देवदूत कोरले होते.

आंत शिरल्यावर खरा चमत्कार. इतर मोठ्या देवळांत घुमटाचा भार जाड, आंधळ्या भिंतींसारख्या खांबांवर टाकलेला असे. सूफ्लोनें सुटे, सडपातळ खांब रांगांनीं उभे केले आणि त्यांच्या मागें भिंतींत मोठमोठ्या खिडक्या ठेविल्या. चोहोंकडून उजेड आंत यावा, खांबांच्या रांगांतून तो खेळावा, आणि मध्यभागीं घुमटाखालीं ठेवावयाच्या संतिणीच्या अस्थींच्या पेटीवर पडावा, अशी ती योजना होती. वर एक नव्हे तर तीन घुमट एकांत एक बसविलेले आहेत, तिन्ही दगडाचे : सर्वांत खालच्याला मध्यें गोल झरोका, त्यांतून वर पाहिल्यास दुसऱ्या घुमटावरचें चित्र दिसतें, आणि तिसरा तो बाहेरून शहराला दिसणारा. छताचा बाहेरचा दाब झेलणारे गॉथिक धर्तीचे दगडी टेकूही आहेत, पण उंच भिंतीच्या आड लपविल्यामुळें रस्त्यावरून ते कोणास दिसत नाहींत. ग्रीक वस्त्राखालीं गॉथिक अस्थिपंजर, असें या वास्तूचें वर्णन करतां येईल. मंडपाच्या तुळया एकसंध दगडांच्या नसून लहान चिऱ्यांच्या आहेत, व ते चिरे लोखंडी सळ्यांनीं ओंवून एकमेकांस बांधलेले आहेत. हें लोखंड पुढें गंजलें; १९८० नंतरच्या दशकांत दगडाचे तुकडे सुटून पडूं लागले व दुरुस्तीचीं मोठीं कामें काढावीं लागलीं.

सूफ्लोला दोषरहित ठरविण्याचा माझा हेतु नाहीं. याच काळांत, १७७१ सालीं, त्यानें पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या मुख्य दरवाजाचा मधला दगडी खांब काढून टाकला व वरच्या अंतिम न्यायाच्या प्राचीन शिल्पाचा भाग कापला; कशासाठीं, तर मिरवणुकीची छत्री सहज आंत जावी म्हणून! ज्यानें गॉथिक गवंड्यांची थोरवी तिसाव्या वर्षाच्या आंत ओळखली होती, त्याच्याच हातून हें घडावें याचें नवल वाटतें. ती मोडतोड पुढच्या शतकांत भरून काढण्यांत आली.

१७७० सालीं संकट उभें राहिलें. पिएर पात नांवाच्या एका स्थपतीनें छापील निबंध काढून गणितानें दाखविलें कीं, सूफ्लोच्या मधल्या चार आधारस्तंभांची जाडी असल्या घुमटास मुळींच पुरणारी नाहीं. घुमट चढला कीं तो कोसळणार. रोम व लंडन येथील मोठ्या घुमटांशीं त्यानें तुलना केली. सारें पॅरिस या वादांत पडलें. सूफ्लोच्या बाजूनें पूल बांधण्यांत निष्णात असलेले पेरोने व गोते हे पुढें आले. गॉथिक देवळांतील खांब याहूनही बारीक आहेत व ते शतकानुशतकें उभे आहेत, हें पेरोनेनें निदर्शनास आणलें. आणि गोतेनें तर एक यंत्रच तयार केलें, ज्याखालीं निरनिराळ्या खाणींचे दगडी ठोकळे दाबून ते किती भाराखालीं फुटतात हें मोजतां येई. दगडाची शक्ति अदमासानें नव्हे तर प्रयोगानें ठरविण्याचा हा आरंभींच्या प्रयत्नांपैकीं एक होय. एका देवळाच्या भांडणांतून एक शास्त्र पुढें सरकलें.

परंतु काम वर चढत असतां आधारस्तंभांवर खरोखरच चिरा दिसूं लागल्या! दगडांचे कपचे उडूं लागले. पातचे मित्र हंसले असतील. कारण शोधतां असें निघालें कीं, दोष बारीकपणापेक्षां गवंडीकामांत अधिक होता. बाहेरून सांधे केसासारखे बारीक दिसावेत म्हणून गवंडी दगडाची कड तेवढी साफ घडवीत व आंतली बैठक पोकळ ठेवीत. त्यामुळें सबंध दगडानें वाहावयाचा भार केवळ कडांवर आला आणि कडा फुटल्या. हें वाचतांना मला माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गांवची एक भिंत आठवते. एका कंत्राटदारानें ती आम्हांस गिलावा करून दाखविली होती. पहिल्याच पावसाळ्यांत गिलावा गळाला, व आंत चुन्याऐवजीं बहुतेक मातीच निघाली.

सूफ्लोनें या आरोपांचा फार धसका घेतला, असें त्याच्या समकालीनांस वाटे. २९ ऑगस्ट १७८० रोजीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, तो पॅरिस येथें निवर्तला. घुमट पुरा व्हावयाचा होता. आपण बांधलेलें उभें राहील कीं पडेल, हें न कळतांच त्याला डोळे मिटावे लागले. बायकामुलें नव्हतीं. शेजारच्या जुन्या मठमंदिरांत त्याला पुरण्यांत आलें.

त्याचे सहकारी ब्रेबियों व रोंदले यांनीं काम पुढें नेलें आणि १७९० सालीं मंदिर पुरें झालें. घुमट पडला नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रोंदलेनें मधले आधारस्तंभ जाड करून घेतले, त्यामुळें सूफ्लोच्या मनांतील सडपातळपणा तेथें आज दिसत नाहीं; तेवढ्यापुरता पातचा इशारा अगदींच वायां गेला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

पण तोंवर राज्यक्रांति सुरू झाली होती. २ एप्रिल १७९१ रोजीं मिराबो हा पुढारी मेला, आणि दोनच दिवसांनीं राष्ट्रसभेनें ठराव केला कीं, हें नवें मंदिर यापुढें देशाच्या थोर पुरुषांचें समाधिस्थान व्हावें. धर्मसंस्थेशीं जन्मभर झगडलेला व्होल्तेअर त्याच वर्षीं जुलैंत तेथें आणला गेला. मंदिरास थडग्याची गंभीर अंधारी कळा यावी म्हणून सूफ्लोच्या मोठमोठ्या खिडक्या चिरे लावून बुजविल्या. दोन्ही घंटाघरें उतरविलीं. मंडपावरील क्रूस व देवदूत छिनून टाकले. त्या खिडक्या आजतागायत बंद आहेत. पात म्हणाला होता कीं भार पेलणार नाहीं, भार पेलला. मेला तो उजेड. वसईच्या किल्ल्यांतील उघड्या, आल्तारावांचूनच्या भिंती पाहून ज्यांचें मन कधीं कालवलें असेल, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

संत जनव्हिएव्हच्या अस्थि या मंदिरांत कधींच विराजमान झाल्या नाहींत. १७९३ सालीं तिची पेटी टांकसाळींत वितळविली गेली व अस्थि भर चौकांत जाळण्यांत आल्या.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत मंदिराची मालकी सरकारागणिक बदलत गेली. नेपोलियननें १८०६ सालीं तें परत देण्याचा हुकूम काढला, पण पूजा सुरू झाली ती राजेशाही परतल्यावर, ३ जानेवारी १८२२ रोजीं, संतिणीच्या सणादिवशीं. १८३० सालीं पुनः मंदिर बंद व पांथेओं सुरू. १८५१ च्या डिसेंबरांत पुनः मंदिर. आणि व्हिक्टर ह्यूगो मरण पावला तेव्हां, १८८५ सालीं, तें कायमचें पांथेओं झालें. मधल्या काळांत, १८७४ पासून, भिंतींवर जनव्हिएव्हच्या चरित्रांतील प्रसंग रंगविण्यात आले. ते मात्र तसेच राहिले. घुमटावरचा दगडी क्रूसही राहिला आहे.

या घालमेलींतच सूफ्लोची शेवटची गोष्ट घडली. जुनें मठमंदिर १८०७ सालीं रस्त्यासाठीं पाडण्यांत आलें. त्याचा एक मनोरा तेवढा शिल्लक आहे. सूफ्लोचे अवशेष १८२९ सालीं त्याच्या स्वतःच्या मंदिराच्या तळघरांत आणून ठेवले. साल लक्षांत घ्या. १८२२ पासून १८३० पर्यंत तेथें मिस्सा होत होती. इतरांस तेथें राष्ट्रानें थोर पुरुष म्हणून आणलें. सूफ्लो मात्र चालू असलेल्या देवळांत, त्याचा बांधणारा म्हणून, आंत गेला. पुढच्याच वर्षीं आल्तार निघाला. तो तेथेंच आहे.

पांथेओंच्या मागें थोड्याच पावलांवर सेंत एत्येन-द्यु-माँ नांवाचें एक जुनें पॅरिश चर्च आहे. संत जनव्हिएव्हच्या कबरीच्या दगडाचा उरलेला भाग तेथें जपून ठेवला आहे, आणि जानेवारींत तिचा सण आला म्हणजे पॅरिसचे भाविक मेणबत्त्या घेऊन तेथें जमतात.